पावसाच्या वह्या

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी चढत गेले आणि आयर्विन पुलाजवळ पातळीने सत्तावन्न फुटांची खूण ओलांडली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना पलंगाखालची पत्र्याची ट्रंक हाती लागली. तिच्यात माझ्या पीएच.डी.च्या काळातल्या पाच वह्या होत्या. पाने एकमेकांना चिकटली होती, शाईचे निळे पाणी झाले होते, आकडे गेले होते. त्या वह्यांत पावसाच्या नोंदी होत्या असे सांगितले की ऐकणारा हसतो. मीही तेव्हा हसलो होतो. पुढे हसू आले नाही, कारण त्या वह्या बुडायला पुरापेक्षा माझा स्वभाव जास्त कारणीभूत होता, हे हळूहळू ध्यानात आले.

ऐंशीच्या दशकात मी सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या पावसावर काम करत होतो. माण, खटाव, जत, सांगोला अशा भागांतली नऊ ठिकाणे निवडली होती. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक असे आणि रोज सकाळी त्यातले पाणी मोजून नोंदवहीत आकडा लिहिला जाई. १९३१ ते १९८० अशी पन्नास वर्षांची रोजची नोंद मी हाताने उतरवून घेतली. एका ठिकाणाची एक वही, दोनशे पानी. नऊ वह्यांत मिळून सुमारे एक लाख चौसष्ट हजार दिवस होते. त्यातल्या बहुतेक दिवसांपुढे शून्य होते. दुष्काळी भागाचा पाऊस म्हणजे मुख्यतः शून्येच लिहिणे. मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी अशा कितीतरी सुट्या त्यात गेल्या. त्यामुळे या नोंदी ‘माझ्या’ आहेत, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

१९९९ साली माझ्या एका विद्यार्थ्याने पाझर तलावांच्या अभ्यासासाठी सगळ्या वह्या मागितल्या. माझे दोन लेख अजून लिहायचे होते. ते झाले की देतो, असे मी सांगितले. त्याने सांगोल्याची एक वही ‘फक्त बघायला’ म्हणून नेली आणि मला न विचारता तिची झेरॉक्स काढली. ते कळल्यावर मी त्याला सर्वांसमक्ष बोललो. त्या दोन लेखांपैकी एक झाला. दुसरा आजतागायत झालेला नाही.

पुराचा हिशेब असा. नऊपैकी चार वह्या वरच्या मजल्यावर होत्या म्हणून वाचल्या. सांगोल्याची मूळ वही गेली, पण तो विद्यार्थी आता प्राध्यापक आहे, त्याने वीस वर्षे जपलेली झेरॉक्स कुरिअरने पाठवली. दोन ठिकाणांच्या नोंदी इतर संग्रहांतून बऱ्याच अंशी भरून काढता आल्या. उरलेल्या दोन ठिकाणांच्या मूळ नोंदवह्या जुनी कागदपत्रे निकाली काढताना केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. त्या दोन गावांत त्या पन्नास वर्षांत कोणत्या दिवशी किती पाऊस पडला, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

या अनुभवानंतर मी ‘खुले विज्ञान’ या विषयाकडे गंभीरपणे वळलो. संशोधनाचे निष्कर्ष, त्यामागचा डेटा, तो हाताळणाऱ्या आज्ञावल्या आणि पद्धती इतरांना पाहता, तपासता आणि वापरता याव्यात, हा त्याचा गाभा. डेटासाठी मराठीत ‘विदा’ हा चांगला शब्द आहे. तरी मी इथे सरळ ‘नोंदी’ किंवा ‘डेटा’ म्हणणार आहे.

ढगांना सीमा नसते

नोंदी वाटून घेण्याची सवय ज्या शास्त्रांना फार लवकर लागली, त्यांत हवामानशास्त्र अग्रभागी आहे. त्यामागे औदार्यापेक्षा गरज होती. पुण्यावर उद्या पाऊस पडेल का, हे पुण्याच्या नोंदींवरून कळत नाही. त्यासाठी अरबी समुद्रावर आज काय चालले आहे ते कळावे लागते. १८७३ साली व्हिएन्नात भरलेल्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय हवामान संघटना आकाराला आली आणि निरीक्षणाची पद्धत एकसारखी ठेवण्याचे प्रयत्न सुरू झाले. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले.

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ आहे. तिथून रोज जाणाऱ्या अनेकांना हे नाव का पडले ते ठाऊक नसते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून ते सिमला ऑफिस. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण नोंदींचा मोठा ठेवा आणि त्या सांभाळण्याची परंपरा पुण्यात राहिली.

मुख्यालय सिमल्याला असताना, १९०४ ते १९२४ या काळात, गिल्बर्ट वॉकर हा गणितज्ञ खात्याचा प्रमुख होता. मान्सून कधी दगा देतो याचे उत्तर त्याला हवे होते. १८७७ आणि १८९९ च्या दुष्काळांच्या आठवणी ताज्या होत्या. त्याने जगभरच्या केंद्रांवरचा हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे जमवले आणि भारतीय कारकुनांच्या मदतीने, संगणक नसलेल्या काळात, त्यांचे परस्परसंबंध काढले. त्यातून प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरचा दाब जणू तराजूच्या दोन पारड्यांसारखा वरखाली होतो, हे दिसले. त्याला त्याने ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. पुढे १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने त्याची सांगड एल निनोशी घातली. आज जून उजाडायच्या आत वर्तमानपत्रात ‘एल निनो’ हा शब्द वाचून आपला शेतकरी धसका घेतो. त्या शब्दापर्यंत आपण पोचलो, कारण कुठल्या कुठल्या दूरच्या केंद्रावरच्या अनोळखी माणसाने रोज आकडा लिहिला आणि तो दुसऱ्याला दिला.

ही देवाणघेवाण शीतयुद्धातही थांबली नाही. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जमलेल्या नोंदींसाठी जागतिक डेटा केंद्रे उभारली गेली. त्यांतले एक अमेरिकेत, एक सोव्हिएत रशियात होते. एका ठिकाणचा साठा नष्ट झाला तरी दुसरीकडे राहावा, हा त्यामागचा एक साधा विचार. माझ्या ट्रंकेला दुसरी ट्रंक नव्हती. १९६३ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा ‘वर्ल्ड वेदर वॉच’ सुरू झाला आणि एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखलेले देश एकमेकांना तापमान कळवत राहिले.

तरीही वाद झालेच. काही देशांच्या हवामान संस्था आपली माहिती विकून खर्च भागवू लागल्या, तेव्हा फुकट काय द्यायचे आणि कशाचे पैसे घ्यायचे हा प्रश्न उभा राहिला. १९९५ साली जागतिक हवामान संघटनेने ठराव क्रमांक ४० संमत करून अत्यावश्यक नोंदी निर्बंधाविना मोफत द्यायचे ठरवले. बाकीच्या नोंदींवर अटी घालायची मुभा ठेवली. २०२१ मध्ये नवे एकत्रित धोरण आले आणि मोफत देण्याच्या गाभ्याच्या नोंदींची कक्षा समुद्र, पाणी, बर्फ अशा विषयांपर्यंत रुंदावली.

मोबाईलवर आलेला संदेश

याचा शेतकऱ्याला काय उपयोग, असे कोणी विचारले तर मी २०२५ च्या खरिपाचे उदाहरण देतो. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी येऊन थडकला. मुंबईत तो इतक्या लवकर येणे ही विक्रमी गोष्ट होती. मग त्याची उत्तरेकडची वाटचाल सुमारे तीन आठवडे रखडली. पहिल्या सरीवर विश्वास ठेवून पेरणी केली आणि पुढे पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी येते. बियाणे, खत, मजुरी पुन्हा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाचे गणित तिथेच मोडते.

त्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर मान्सूनच्या स्थानिक आगमनाचे अंदाज पाठवले. हा रखडलेला टप्पाही त्या अंदाजांत दिसला होता. अंदाज तयार करायला तीन गोष्टी वापरल्या गेल्या: गुगलचे ‘न्यूरल जीसीएम’ हे प्रारूप, युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे प्रारूप आणि भारतीय हवामान खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी.

ही दोन्ही नवी प्रारूपे शिकली कशावर? मुख्यतः ‘ईआरए-५’ नावाच्या संचावर. १९४० पासूनची जगभरची निरीक्षणे एकत्र करून, मधल्या मोकळ्या जागा गणिताने भरून, पृथ्वीच्या हवामानाचा तासातासाचा इतिहास त्यात मांडला आहे. युरोपीय केंद्राने तो तयार केला आणि सर्वांना खुला ठेवला. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या चमत्काराच्या तळाशी रोज ठरल्या वेळी आकडा लिहिणारी माणसे आहेत. त्यांत आपल्या कचेऱ्यांतले कारकूनही आहेत. आपण लिहितो तो आकडा सत्तर वर्षांनी एक यंत्र वाचणार आहे, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. खुल्या नोंदीचा अर्थ मला इथे कळला: तिचा खरा वाचक बहुधा अजून जन्मलेलाच नसतो.

कोरी जागा म्हणजे शून्य का?

मात्र नुसते कपाट उघडून ठेवले की नोंदी खुल्या होत नाहीत. वाचलेल्या वह्या संगणकावर चढवायला घेतल्या तेव्हा हे मला माझ्याच अक्षरांनी शिकवले.

पहिली अडचण एककांची. मेट्रिक पद्धत येण्यापूर्वीचा पाऊस इंच आणि सेंटमध्ये लिहिलेला. २ इंच ३५ सेंट म्हणजे ५९.७ मिलिमीटर. काही पानांवर मी उतरवतानाच रूपांतर केले होते, काहींवर नाही, आणि कुठे केले ते लिहून ठेवले नव्हते. दुसरी अडचण तारखेची. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या चोवीस तासांचा असतो. रीत अशी की ज्या दिवशी मोजला त्या तारखेला लिहायचा. पण एखादा कारकून ‘पाऊस तर काल पडला’ म्हणून आदल्या तारखेला लिही. शेजारच्या दोन ठिकाणी एकाच रात्री झालेली वृष्टी मग कागदावर दोन वेगळ्या दिवशी पडते. तिसरी आणि सगळ्यांत अवघड अडचण कोऱ्या जागेची. रकाना रिकामा आहे, म्हणजे पाऊस पडला नाही की मोजला नाही? दुष्काळाच्या अभ्यासात या दोन उत्तरांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

अशा खुलाशांना ‘मेटाडेटा’ म्हणतात, म्हणजे नोंदींविषयीच्या नोंदी. २०१६ साली ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली ‘फेअर’ तत्त्वे नेमके हेच सांगतात. नोंद सापडली पाहिजे, मिळवता आली पाहिजे, दुसऱ्या नोंदींशी जुळली पाहिजे आणि पुन्हा वापरता आली पाहिजे. माझ्या वह्या ट्रंकेत असताना चारही कसोट्यांवर नापास होत्या. मी त्या १९९९ मध्येच देऊन टाकल्या असत्या, तरी मी शेजारी बसून समजावल्याशिवाय त्या कोणाला नीट वाचता आल्या नसत्या.

धोरण आणि वास्तव

कागदावर भारताची धोरणे वाईट नाहीत. सार्वजनिक पैशातून केंद्र सरकारच्या विभागांनी जमवलेली, संवेदनशील नसलेली माहिती लोकांना मिळावी, असे सांगणारे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये आले आणि त्याच वर्षी सरकारी डेटाचे संकेतस्थळ सुरू झाले. विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये आपल्या निधीतून झालेल्या संशोधनाच्या निबंधांसाठी खुल्या उपलब्धतेचे धोरण आखले. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये खुल्या विज्ञानाची शिफारस स्वीकारली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना वाचायला मिळावीत, अशी ती व्यवस्था आहे. तालुक्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयाला याचा मोठा लाभ आहे. पण यात आपण इतरांचे निबंध वाचण्याचे पैसे मोजतो. आपल्या नोंदी आपण कुठे आणि कशा ठेवतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

नोंदींच्या बाबतीत पुण्याच्या हवामान कार्यालयाने चांगला पायंडा पाडला आहे. देशभरातल्या सुमारे सात हजार पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून, पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींत मांडलेला, १९०१ पासूनचा रोजचा पाऊस आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. जगभरचे संशोधक तो वापरतात. पण एक चौकट साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. माण तालुक्यात एका डोंगराच्या अलीकडे-पलीकडे पाऊस बदलतो, तो त्या चौकटीत मावत नाही. एकेका केंद्राची मूळ नोंद हवी असेल तर रीतसर मागणी करावी लागते. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावरून भरपाई ठरते. ज्या आकड्यावर डाळिंब बागायतदाराचे पैसे अवलंबून आहेत, तो आकडा, त्याचा मागचा इतिहास आणि ते केंद्र कोणत्या जागी उभे आहे, हे त्याला सहज तपासता आले पाहिजे. खुल्या डेटाची मागणी इथे विद्यापीठाच्या आवारातून बाहेर पडून बांधावर येते.

माझी भीती आणि तिचे उत्तर

आता माझ्या बाजूनेही थोडे बोलतो. १९९९ मध्ये मी वह्या दिल्या नाहीत त्यामागे केवळ हावरेपणा नव्हता. भीती होती. सुट्या घालवून मी आकडे जमवायचे आणि दुसऱ्याने संगणकावर आठवडाभरात लेख लिहून नाव मिळवायचे, ही ती भीती. बढतीच्या वेळी निबंध मोजले जातात. किती नोंदी जपल्या आणि कितीजणांना वापरायला दिल्या, हे कोणी विचारत नाही. ही भीती खोटी ठरवून खुले विज्ञान पुढे जाणार नाही. तिच्यावर नियमाने तोडगा काढावा लागतो.

असा नियम आपल्याकडेच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. जगातला कोणीही खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागू शकतो. निरीक्षण झाल्यावर त्या डेटावर अठरा महिने त्याचाच हक्क असतो. मग तो डेटा सर्वांसाठी खुला होतो. कष्ट करणाऱ्याला आधी पिकाचे फळ मिळते आणि पुढे शेत सगळ्यांचे होते. मला १९८६ साली कोणी असा करार करायला लावला असता, तर १९८८ पर्यंत माझ्या वह्या बाहेर आल्या असत्या. मी तेरा वर्षांनंतरही ‘अजून दोन लेख’ म्हणत होतो.

सगळेच उघडे करावे, असेही नाही. रुग्णांची माहिती, दुर्मीळ वनस्पतींच्या नेमक्या जागा, एखाद्या पाड्याने विश्वासाने सांगितलेले औषधी ज्ञान यांना राखण हवीच. पण राखण कशाची आणि का, याचे कारण लिहून ठेवावे. ‘मागणारा कोण, त्याचा उद्देश काय’ या संशयाला धोरण म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न खर्चाचा. खुले म्हणजे फुकट, हा गैरसमज आहे. वापरणाऱ्याला फुकट असते, सांभाळणाऱ्याला नसते. संशोधन प्रकल्पाचे पैसे तीन-चार वर्षांत संपतात, मग संकेतस्थळ बंद पडते आणि दुवा कुठेच पोचत नाही. म्हणून नोंदी व्यक्तीच्या किंवा प्रकल्पाच्या हाती न ठेवता टिकाऊ भांडारात ठेवायच्या असतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेने २०१३ पासून चालवलेले ‘झेनोडो’ हे असे एक भांडार आहे. तिथे कोणत्याही विषयाचा, कोणत्याही देशातला संशोधक आपल्या नोंदी ठेवू शकतो. प्रत्येक संचाला ‘डीओआय’ हा कायमचा क्रमांक मिळतो, त्यामुळे लेखाप्रमाणे त्याचा उल्लेख करता येतो आणि श्रेयही मिळते. विद्यापीठांनी ग्रंथपालाइतक्याच मानाचे डेटापालाचे पद निर्माण केले, तर असे काम आपल्याकडेही रुजेल.

माझ्या पाच वह्या मी तिथे ठेवल्या आहेत. सोबत आठ पानी खुलासा जोडला: कोणते पान इंचांत, कुठे तारखेचा घोळ, कुठे कोरी जागा. सांगोल्याच्या संचावर त्या विद्यार्थ्याचे नाव माझ्या नावाच्या आधी आहे. तो नको म्हणत होता. मी ऐकले नाही.

काही महिन्यांनी एका अनोळखी संशोधिकेचा ईमेल आला. १९५२ च्या ऑक्टोबरमधल्या अकरा कोऱ्या जागा शून्य धरायच्या की नोंद नाही असे समजायचे, एवढाच तिचा प्रश्न होता. मी मूळ वही काढली. त्या पानाच्या कडेला माझ्या तेव्हाच्या बारीक अक्षरात लिहिलेले होते: ‘कारकून रजेवर’. मी तिला तसे कळवले आणि खुलाशात ती ओळ घातली. चाळीस वर्षांत त्या वह्यांबद्दल मला कोणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा घराची साफसफाई उरकली असेल आणि रद्दीचा गठ्ठा दाराशी असेल. त्यात निवृत्त शिक्षक आजोबांनी शाळेत लिहिलेली पावसाची वही असेल, विहिरीच्या पाण्याची पातळी टिपलेली डायरी असेल, पेरणीच्या तारखा लिहिलेली पंचांगे असतील. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा चाळून पाहा. आकडे दिसले तर मोबाईलवर पानापानाचे फोटो काढा, ते कुठले आणि कोणी लिहिले ते टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्राध्यापकाला द्या. तो ‘माझे दोन लेख झाले की बघू’ म्हणाला, तर त्याला माझी गोष्ट सांगा.